अंधारजळाची सोळा पानं

‘अंधारजळ’चा सातवा आणि शेवटचा खंड आला हे सांगायला तिप्पण्णांचा फोन आला, तेव्हा मेहनाज एका आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून शीर शोधत होती. फोन तिने घेतला नाही, पण स्क्रीनवरचं नाव बघूनच तिला सगळं कळलं. तिप्पण्णांचं सोलापूरच्या नवी पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि ते उगीच फोन करणाऱ्यांतले नव्हते. सहावा खंड आला तेव्हा केला होता, त्यानंतर थेट आज. हात का थांबला म्हणून आजोबांनी विचारलं. काही नाही, शीर सापडली, असं ती म्हणाली.

लॅब सुटल्यावर ती तडक दुकानात गेली. पुस्तक चांगलं जाडजूड होतं. मुखपृष्ठावर काळ्या पाण्यावर तरंगणारा तांब्याचा मुखवटा. दुकानात तिने ते उघडलं नाही. ओढणीखाली छातीशी धरलं आणि साड्यांच्या दुकानांपुढच्या गर्दीतून वाट काढत, रिक्षा न करता, चालतच घरी आली. घरी पोचायची घाई होती आणि घर जरा लांब असतं तर बरं, असंही वाटत होतं.

अम्मी, म्हणजे कमरुन्निसा, मशीनवर बसून साडीला फॉल लावत होती. लेकीच्या हातात काय आहे ते तिने चालीवरूनच ओळखलं असावं. तिने धागा तोडला, मशीनवर झाकण घातलं आणि चहा ठेवायला उठली.

या दोघींचं पुस्तक वाचणं कसं सुरू झालं ते सांगायला हवं. पहिला खंड मेहनाजने कॉलेजात असताना एकटीनेच वाचला होता. दुसरा आला त्या वर्षी ती लग्न मोडून माहेरी परतली होती. कुणाशी धड बोलत नव्हती, दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसायची. अम्मीने बरेच दिवस बघितलं, आणि एका संध्याकाळी मशीन थांबवून विचारलं की त्यात एवढं आहे तरी काय. मेहनाज सांगायला लागली ती जेवायची वेळ टळून गेली तरी सांगतच होती. अम्मीला मराठी बोलता यायचं, पण वाचता यायचं ते फक्त उर्दू, आणि पुस्तकातलं मराठी तिला जड जायचं. म्हणून मग मेहनाज एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायची आणि लगेच घरच्या दखनीत सांगायची. तेव्हापासून प्रत्येक खंड असाच दोघींनी मिळून वाचला. पहिलाही मेहनाजने तिला नव्याने वाचून दाखवला.

गोष्ट होती खारदेशाची. तिथल्या नद्या कधीकाळी जमिनीखाली निघून गेलेल्या. त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या सात विहिरी, आणि जमिनीला कान लावून पाणी ओळखणारी सांजी नावाची मुलगी. दर खंडात सांजी एका विहिरीत उतरते, आणि दर वेळी विहिरीच्या काठावर तिच्या आधीच कुणीतरी येऊन बसलेलं असतं. तांब्याचा मुखवटा घातलेलं, एक अक्षर न बोलणारं. ते राखण करतंय की पाळत ठेवतंय, हेही कळत नाही. लेखकाने सहाही खंडांत त्याला कधी ‘तो’ म्हटलं नव्हतं, कधी ‘ती’ म्हटलं नव्हतं. ते माणूस आलं, ते माणूस बसलं, एवढंच. मराठीत हे बेमालूम जमून जातं. दखनीत मात्र ‘आया’ म्हणा नाहीतर ‘आयी’ म्हणा, मधली सोय नाही. मुखवट्याआड सांजीची हरवलेली आई आहे अशी मेहनाजची खात्री होती, म्हणून ती ‘आयी’ म्हणायची. अम्मीला ते मुळीच मान्य नव्हतं. तिच्या मते तो सांजीचा बाप होता, पाणी शोधायला गेलेला आणि तोंड दाखवायची लाज वाटणारा. “तू अपने मन से औरत बना रई,” असं ती दर वेळी सुनावायची, आणि मेहनाज सांगत असताना मध्येच ‘आया’ म्हणून दुरुस्ती करायची. हा वाद इतकी वर्षं चालला होता.

सातवा खंड त्यांनी पुरवून पुरवून वाचला. पण कितीही पुरवला तरी कधीतरी सांजी सातव्या विहिरीशी पोचणारच होती. ती पोचली. मुखवटेवालं माणूस काठावर बसलेलं होतं. सांजीने पहिल्यांदाच त्याच्यासमोर बसून विचारलं, तू कोण आहेस? त्या माणसाने दोन्ही हात मुखवट्याला लावले, आणि मेहनाजने पान उलटलं.

पुढच्या पानावर सांजी डोंगर उतरत होती. तो डोंगर तर ती परवाच उतरली होती. दोन पानं एकदम उलटली असतील म्हणून मेहनाज मागे गेली, पुढे आली, मग तिने आकडे बघितले. चारशे सोळानंतर पुन्हा चारशे एक. तीच सोळा पानं दुसऱ्यांदा बांधलेली, आणि त्यांच्यानंतर एकदम चारशे तेहतीस. मधली सोळा पानं पुस्तकात नव्हतीच.

चारशे तेहतिसाव्या पानाची पहिली ओळ तिने नको नको म्हणत वाचली. ‘आपलं माणूस गेलं,’ सांजी म्हणाली, आणि तिने मुखवटा पाण्यावर सोडून दिला. बस. तिने पुस्तक मिटलं.

अम्मीने ती एक ओळ तीन वेळा सांगायला लावली. आपलं माणूस म्हणजे बाप, दुसरं कोण, असा तिने निकाल दिला. आपलं माणूस म्हणजे आईच, असं मेहनाजने सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी तिप्पण्णांनी दुकानातल्या उरलेल्या प्रती काढून बघितल्या. सगळ्यांत तीच चूक. बांधणाऱ्याने घोळ घातला होता. प्रकाशकाला फोन लावला तर तिकडून माफी मागितली गेली, चांगल्या प्रती पाठवतो म्हणाले, पण छापखाना दिवाळी अंकांत बुडालेला होता, त्यामुळे दिवाळी झाल्याशिवाय काही खरं नव्हतं. इंटरनेटवर या मालिकेच्या वाचकांचे गट होते म्हणे. मेहनाज त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. तिथं कुणीही काहीही सांगून टाकतं, अशी तिला धास्ती. सोळा पानांचे फोटो मागावेत, तर कुणीतरी वर एक ओळ लिहून पाठवणार आणि त्या एका ओळीत सगळं संपणार.

तिप्पण्णांना तेवढ्यात आठवलं. पहिल्या खेपेला आलेल्या थोड्या प्रती वेगळ्या गठ्ठ्यातल्या होत्या. त्यातली एक त्यांनी दुधनीला धाडली होती. चनमल्लप्पा म्हणून अडत व्यापारी आहेत, तूर-उडदाचे, ते प्रत्येक खंड आल्या आल्या मागवतात. त्यांनी नंबर दिला.

मेहनाजने फोन केला. पलीकडचा आवाज वयस्कर होता आणि मराठी मोठं गमतीचं होतं. निम्मं सीमेवरचं आणि निम्मं छापील.

“पुस्तक हाय माझ्याकडं,” चनमल्लप्पा म्हणाले. “तथापि ते अजून उघडलेलं न्हाय. मी पाचव्या खंडात हाय.”

तिने जरा चाचरतच विचारलं, की कुणाकडून तरी तेवढ्या पानांचे फोटो काढून मिळतील का.  मग त्यांनी सांगितलं, की घरात मराठी वाचणारे ते एकटेच. फोटो काढायचे म्हटलं तर पानं त्यांनाच बघावी लागणार, आणि चार-दोन ओळी डोळ्यांत शिरल्याशिवाय राहणार नाहीत. तेव्हा ते काही जमायचं नाही. पण रविवारी बाजार बंद असतो. तिने स्वतः यावं, प्लास्टिक फाडावं, बसून वाचावं, जेवावं आणि जावं. फक्त एक अट. त्यांना काही कळता कामा नये.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने दोघी निघाल्या. तू कशाला येतेस, मी येऊन सांगेन की, असं मेहनाज म्हणून बघत होती, पण अम्मीने आदल्या रात्रीच ठेवणीतली साडी काढून ठेवली होती. होटगी गेलं, अक्कलकोट रोड गेलं. बाहेर तुरीची शेतं फुलावर आली होती. अम्मी खिडकीशी बसून होती, आणि मधूनच काहीतरी आठवून एखादा मुद्दा मांडायची. बाप नसता तर चौथ्या विहिरीवर त्याने सांजीसाठी भाकरी का ठेवली असती? मेहनाज म्हणाली, भाकरी आई ठेवते. समोर बसलेली बाई दोघींकडे टकामका बघत होती. यांच्या घरात काय चाललंय ते तिला कळेना.

चनमल्लप्पा स्टेशनवर न्यायला आले होते. उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर. बाजार समितीजवळच त्यांचं घर होतं, पुढं दुकान, मागं राहणं. वाटेत त्यांनी आपली हकीकत सांगितली. शाळा सगळी कन्नडात झालेली. वीसेक वर्षांपूर्वी शेतात विहीर पाडायची होती, तेव्हा सोलापुरात तिप्पण्णांच्या दुकानात एक पुस्तक दिसलं, वर विहिरीचं चित्र. उपयोगी माहिती असेल म्हणून घेतलं. विहीर पाडण्याचं त्यात काहीच नव्हतं. पण पहिल्या विहिरीत ती पोर अडकलेली, तिला तशी सोडून पुस्तक ठेवून कसं देणार? शब्द विचारत विचारत त्यांनी ते संपवलं, आणि मराठी वाचायला ते असे शिकले. आता रोज संध्याकाळी चार पानं वाचून बायकोला कन्नडात सांगतात. सांगून मगच पुढं जायचं, म्हणून उशीर. मेहनाजने कुतूहलाने विचारलं, की मुखवट्यातल्या माणसाला कन्नडात काय म्हणता? ‘अवरु’, ते म्हणाले. मानाने बोलताना बाईलाही अवरु आणि पुरुषालाही अवरु. तिला हेवा वाटला.

घरी त्यांच्या बायकोने, गंगव्वाने, अम्मीचा हात धरून तिला आत नेलं. एकीला कन्नड येत नव्हतं, दुसरीला मराठीचे चार शब्द, तरी दोघींचं काहीतरी सुरू झालं. चहा झाला. मग चनमल्लप्पांनी कपाटातून पुस्तक आणून मेहनाजच्या हातात दिलं. सातवा खंड, प्लास्टिकसकट, कोरा करकरीत. दुसऱ्याच्या पुस्तकाचं वेष्टण आपण फाडायचं हे तिच्या जिवावर आलं. त्यांनी मान हलवून परवानगी दिली आणि स्वतः उठून बाहेर दुकानात जाऊन बसले. जाताना मधलं दार लावून घेतलं.

आत तिघी उरल्या. मेहनाजने कागद फाटू नये अशा बेताने प्लास्टिक काढलं आणि आधी आकडे बघितले. चारशे सोळा, चारशे सतरा. पानं होती.

ती वाचायला लागली. मोठ्याने वाचायची सोय नव्हती, दारापलीकडे कान होते. म्हणून आधी मनातल्या मनात सगळं वाचून घ्यायचं आणि मग अम्मीच्या कानात सांगायचं, असं ठरलं होतं. अम्मी पुस्तकाकडे बघतच नव्हती, ती मेहनाजच्या चेहऱ्याकडे बघत होती. गंगव्वा तांदूळ निवडायला म्हणून तिथंच बसली होती आणि तीही मेहनाजच्याच चेहऱ्याकडे बघत होती. ताटातला तांदूळ आहे तिथंच होता.

मुखवटा निघाला. आत सांजीची आई नव्हती, बापही नव्हता. एक म्हातारी बाई होती, जिला सांजीने जन्मात पाहिलं नव्हतं. मेहनाज गोंधळली, तिने मागची ओळ पुन्हा वाचली. मग म्हातारी बोलायला लागली, आणि पुढची पानं तिने मान वर न करता वाचली. पहिल्या खंडात, पहिल्या विहिरीत, पोरगी दोराला बांधून खाली सोडलेली असताना वाळूचं वादळ येतं आणि गाव पळून जातं. दोर मात्र सुटत नाही. सांजी वर येते तेव्हा दोर एका दगडाला बांधलेला असतो, आसपास कुणी नसतं. दगडाने दोर धरून ठेवला असंच सगळे समजून चालले होते. तो दोर या बाईने धरला होता. ती मिठाच्या गोण्या घेऊन गावोगाव फिरणारी. वेशीतून जाताना तिला रहाटावरून सरसर उलगडत चाललेला दोर दिसला आणि टोकाला कोण आहे हे माहीत नसताना तिने तो पकडला. हातांची सालटी निघाली. मग तिला चैन पडेना. ही पोर उद्या दुसऱ्या विहिरीत उतरेल, तेव्हा वर कोण असेल? म्हणून ती पुढं पुढं जाऊन बसू लागली. मुखवटा कशासाठी? तर पोरीने ओळख काढू नये, उपकार मानू नयेत, आपल्या नादाने चालत राहावं.

मेहनाजने पुस्तक मांडीवर ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याहून जास्त ती चक्रावली होती. तिला आठवलं, की पहिला खंड वाचून दाखवताना अम्मीने विचारलं होतं, दोर कुणी धरला होता? तेव्हा ती म्हणाली होती, की ते महत्त्वाचं नाही, पुढं ऐक.

तिने अम्मीच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. अम्मी ऐकताना एकदाही मध्ये बोलली नाही. संपल्यावर तिने विचारलं, “कोई नई थी उसकी?”

“कोई नई,” मेहनाज म्हणाली. मग तिने दोराचा प्रश्न कुणी विचारला होता त्याची आठवण करून दिली. अम्मीला ते काही आठवत नव्हतं. तिने नुसती मान हलवली, आणि दोघी चुकलो म्हणून हळूच हसली.

मेहनाज पाणी प्यायला उठली आणि मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली. चेहऱ्यावर काही दिसू नये याची तिला काळजी होती. परत आली तर खोलीत वेगळंच चाललं होतं. गंगव्वाने अम्मीचं मनगट धरलं होतं आणि डोळ्यांनी काहीतरी मागत होती. अम्मीने दाराकडे पाहिलं. मग तिने दोन्ही मुठी एकावर एक धरून दोर ओढल्यासारखं केलं, मागं रेलून, दात आवळून. नंतर शेजारच्या डब्यातलं चिमूटभर मीठ घेऊन गंगव्वाच्या तळहातावर ठेवलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून मुखवटा काढल्यासारखा हात खाली नेला.

 गंगव्वाने मिठाकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. पहिल्या खंडात वेशीतून जाताना ओझरती दिसलेली मिठवाली तिच्या ध्यानात होती. मेहनाजच्या ध्यानात नव्हती.

मेहनाजने अम्मीकडे रागाने बघितलं. अम्मी तांदूळ निवडायला लागली होती.

जेवायला भाकरी, शेंगाचटणी आणि भरल्या वांग्याची भाजी होती. चनमल्लप्पा पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे न बघता जेवत होते. शेवटी न राहवून त्यांनी एकच विचारलं, येण्याचं चीज झालं का? झालं, मेहनाज म्हणाली, आणि तिने भाकरी मोडली. गंगव्वा वाढत होती. तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा होता.

परतीच्या गाडीत मेहनाजने आपल्या चुकीच्या प्रतीतून चारशे तेहतिसाव्या पानापासून पुढं वाचलं, डब्यातल्या गलक्यात, मोठ्याने. ‘वो गयी,’ असं सांगताना या वेळी अम्मीने दुरुस्ती केली नाही. सोलापूरचं स्टेशन आलं तेव्हा शेवटचं पान उरलं होतं. ते त्यांनी फलाटावरच्या बाकावर बसून संपवलं. सांजीने पाणी वर आणलं होतं, खारदेश भिजला होता, पण मुखवटा सोडून गेलेली म्हातारी कुठं गेली ते लेखकाने लिहिलं नव्हतं. ‘गेलं’ म्हणजे मेली की वाट धरून निघून गेली, यावर रिक्षात बसेपर्यंत दोघींचा वाद सुरू झाला होता.

दिवाळीनंतर तिप्पण्णांकडे नीट बांधलेली प्रत आली. मेहनाजने ती घेतली. चनमल्लप्पा अधूनमधून फोन करायचे, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला. सहावा कधी सुरू झाला, सातवा कधी, हे तिला त्या शब्दांवरूनच कळत गेलं. मग पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला आणि या वेळी त्यांनी शब्द विचारला नाही.

“काल ती पानं झाली,” ते म्हणाले. आवाज जड होता. त्यांनी वाचलं, कन्नडात सांगितलं, आणि सांगता सांगता बायकोकडे बघितलं तर तिला काडीचं आश्चर्य वाटलेलं दिसेना. विचारल्यावर तिने कबूल केलं. सहा-सात महिने ती सगळं माहीत असून रोज संध्याकाळी समोर येऊन बसत होती.

मेहनाजने मान्य केलं, की चूक तिच्या अम्मीची आहे, आणि माफी मागितली. चनमल्लप्पा म्हणाले, माफीचं काही नाही. त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. “मी तिला म्हणलं, तुला ठावं होतं तर ऐकत कशाला बसलीस? ती म्हणाली, ती बाई प्रत्येक विहिरीवर काय करती ते बघत होते.” मग म्हणाले, “आता मला सगळे खंड परत वाचावे लागतील. मी तर तिच्याकडं बघितलंच न्हाय.”

मग त्यांनी फोन का केला ते सांगितलं. चार पानांचा नियम मोडून त्यांनी उरलेलं पुस्तकही रात्रीच संपवलं होतं, आणि सकाळपासून गंगव्वा त्यांच्या मागं लागली होती, की मिठवाली गेली ती कुठं गेली. पुस्तकात नाही म्हटलं तरी तिला पटत नव्हतं. सोलापूरच्या अक्कांना, म्हणजे अम्मीला, माहीत असणार, त्यांना विचारा, असा तिचा हट्ट होता.

अम्मी मशीनवर होती. गंगव्वाने काय विचारलंय ते मेहनाजने तिला सांगितलं आणि फोन तिच्याकडे दिला. अम्मीने पायाखालची पट्टी थांबवली, फोन कानाला लावून जरा विचार केला, आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, पलीकडच्या माणसाला कन्नडात सांगायला वेळ मिळावा म्हणून थांबत थांबत, बोलायला लागली. ती बाई मिठाच्या गोण्या शोधायला पहिल्या विहिरीकडं मागं गेली, म्हणाली. दोर धरायला एवढा माल तिनं त्या वेशीत टाकला होता.

मेहनाज भिंतीला टेकून खाली बसली. हे तिलाही माहीत नव्हतं.